आधी निरीक्षण, मग अनुमान

रविवारी सकाळी तुझा फोन आला. "बाई, जुना इन्सर्ट मिळतोय. फक्त चारशे डॉलर. शनिवारसाठी मित्राचा ट्रकही सांगून ठेवलाय. घेऊ ना?"

अरे, ट्रक सांगून झाल्यावर जे विचारतात त्याला विचारणं म्हणत नाहीत. तुला माझा सल्ला नको होता, नुसता होकार हवा होता. मी तुला चारच प्रश्न विचारले. चिमणी आतून किती रुंद आहे? "मोठी आहे, बाई." म्हणजे किती? "मोजली नाही." लायनर आहे का? "विकणारा म्हणतो लागत नाही, त्यानं वीस वर्षं तसाच जाळलाय." मागची पत्र्याची पट्टी वाचलीस का? "कसली पट्टी?" त्यानंतर मी गप्प झाले, कारण मागून तुझ्या मुलांचे आवाज येत होते आणि त्यांच्यादेखत त्यांच्या बापाला बोलणं मला बरं वाटेना. ते बोलणं आता लिहून पाठवते. बसून वाच, आणि वाचून होईपर्यंत त्या माणसाला एक डॉलरही देऊ नकोस.

नववीतली तुझी प्रयोगवही मला आठवते. उद्दिष्ट, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. लोलकाच्या प्रयोगाचं अनुमान तू आदल्या रात्रीच घरी लिहून काढलं होतंस आणि निरीक्षणाच्या रकान्यात त्याला जुळतील असे आकडे भरले होतेस. आकडे इतके चोख होते की मला तिथेच संशय आला. त्या दिवशी शाळा सुटल्यावर तुला थांबवून घेतलं आणि वीस-वीस आंदोलनं पाच वेळा मोजायला लावली. तू रडलास. मला वाटलं होतं, धडा बसला. आज पंचेचाळिशीत येऊन, पोराबाळांचा बाप होऊन, तू पुन्हा अनुमान आधी लिहिलंस आणि निरीक्षणाचा रकाना कोरा ठेवलास. त्या वेळी फार तर गुण गेले असते. या वेळी वरच्या खोलीत माणसं झोपलेली असतील.

आधी एक सांगते, म्हणजे तुझा गैरसमज व्हायला नको. तुझी गरज मला कळते. तेलावर चालणारा बॉयलर, दर हिवाळ्यात वाढणारं बिल आणि वीज गेली की अख्खं घर थंड. डिसेंबर २००८ मध्ये मॅसेच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशरवर बर्फाचं ते वादळ आलं, तेव्हा मी इथेच होते, वूस्टरच्या उत्तरेला, लेकीच्या घरी. पाऊस पडता पडताच झाडांवर गोठत होता. रात्रभर बाहेर फांद्या मोडत होत्या, बंदुकीचे बार झाल्यासारख्या. आमच्याकडे नऊ दिवस वीज नव्हती. बॉयलरमध्ये तेल होतं, पण तो सुरू करायला वीज नव्हती. दिवाणखान्यात उघडं फायरप्लेस होतं. आम्ही त्यात लाकडामागून लाकूड घातलं आणि तरी घर गारच राहिलं. त्यामुळे लाकडावर घर ऊबदार ठेवावं असं तुला वाटतं, त्यात काही चूक नाही. चूक तू ठरवलंस कसं, त्यात आहे.

ते उघडं फायरप्लेस घर का तापवत नव्हतं, हे तुला सांगता आलं पाहिजे. उष्णतेचं संक्रमण मीच तुला शिकवलं आहे. गरम हवा हलकी होऊन चिमणीतून वर जाते, तिच्या जागी खोलीतली हवा ओढली जाते आणि खोलीत तितकीच थंड हवा खिडक्या-दारांच्या फटींतून आत येते. लाकडातली जेमतेम दहावा हिस्सा उष्णता खोलीला मिळते, बाकीची आकाशाला. इन्सर्ट म्हणजे त्याच विटांच्या पोकळीत बसवलेली लोखंडी बंद भट्टी. हवा मोजून आत घ्यायची, धूर आतच पुन्हा जाळायचा आणि काचेतून, पत्र्यातून ऊब खोलीत सोडायची. आजचे चांगले इन्सर्ट लाकडातली सत्तर टक्क्यांच्या आसपास उष्णता कामाला लावतात. इथपर्यंत तुझं बरोबर आहे.

पण बाळा, इन्सर्ट उष्णता खोलीत ठेवतो याचाच दुसरा अर्थ असा की चिमणीत जाणारा धूर आता कमी गरम असतो. हे वाक्य पुन्हा वाच. चिमणीची ओढ कशावर चालते? आतल्या आणि बाहेरच्या हवेच्या तापमानातल्या फरकावर. उघड्या आगीसाठी बांधलेल्या रुंद धुराड्यात हा कमी गरम, कमी मापाचा धूर सोडलास की तो रेंगाळतो, भिंतींना टेकून थंड होतो आणि त्यातली न जळालेली वाफ तिथेच निवते. सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या खाली धूर उतरला की हे जोरात सुरू होतं. त्यातून जे साठतं त्याला क्रिओसोट म्हणतात. तुझ्या आजीच्या चुलीवरच्या वाशांना जी भुसभुशीत काजळी धरायची, ती झाडूनं पडते. हे तसं नसतं. आधी ते पापुद्र्यांसारखं धरतं, मग डांबरासारखं चकचकीत घट्ट बसतं आणि ब्रशनं निघत नाही. तो थर म्हणजे चिमणीच्या भिंतीला तू स्वतःच्या हातानं लावलेलं जळण.

"मोठी आहे" असं म्हणालास ना? आता मोज. चिमणीच्या टोकाला दिसणारी मातीची चौकोनी फ्ल्यू, म्हणजे धुराची नळी, आतून अकरा इंच असेल, इथल्या घरांत बहुधा असते, तर तिचं क्षेत्रफळ १२१ चौरस इंच. जुन्या इन्सर्टचं धुराचं तोंड आठ इंच व्यासाचं असेल तर सुमारे ५० चौरस इंच. म्हणजे चिमणी त्याच्या जवळजवळ अडीच पट. तोंड सहा इंचाचं असेल तर २८ चौरस इंच, आणि चिमणी चार पटींहून जास्त. क्विन्सी तुझ्यापासून गाडीनं तासाभरावर आहे. तिथल्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेचं २११ क्रमांकाचं मानक सांगतं की चिमणी घराच्या आत असेल तर तिचं क्षेत्रफळ तोंडाच्या तीन पटींहून जास्त नको, आणि एखादी बाजू बाहेरच्या हवेला लागून असेल तर दोन पटींहून जास्त नको. तुझी चिमणी घराच्या बाहेरच्या भिंतीला आहे. दिवाळीत आले तेव्हा मी पाहिली. तीन बाजू बर्फात आणि वाऱ्यात उभ्या असतात. म्हणजे आठ इंचाचं तोंडसुद्धा बसत नाही. "मोठी आहे" हे तू कौतुकानं सांगितलंस, आणि तोच तुझ्या चिमणीचा दोष आहे.

यावर उपाय आहे आणि तो पर्यायी नाही. इन्सर्टच्या तोंडापासून थेट चिमणीच्या टोकापर्यंत त्याच व्यासाची स्टेनलेस स्टीलची सलग नळी, म्हणजे लायनर. तुझ्यासारख्या बाहेरच्या चिमणीत तिच्याभोवती सिरॅमिक लोकरीचं वेष्टण, म्हणजे धूर वरपर्यंत गरम राहील. खाली डॅम्परच्या, म्हणजे धुराच्या झडपेच्या, जागी नळीभोवती पत्रा बसवून पोकळी बंद करायची, नाहीतर अर्धी ऊब विटांच्या मागून वर पळून जाईल. विकणारा म्हणाला लायनर लागत नाही, तर तो कोणत्या काळातली गोष्ट सांगतोय ते समजून घे. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, किमती भडकल्या आणि अमेरिकेत घरोघर लाकडाच्या शेगड्या आल्या. त्या लाटेतले इन्सर्ट नुसते फायरप्लेसमध्ये सरकवले जात. वर नळी नाही, काही नाही. धूर विटांच्या पोकळीत सोडायचा आणि तो जाईल तसा जाऊ द्यायचा. इथले चिमणी साफ करणारे त्या बसवणुकीला आजही चिडून स्लॅमर म्हणतात. साफ करायचं म्हटलं की चारशे पौंडांचं धूड बाहेर ओढावं लागे, म्हणून कोणी साफच करत नसे. त्यानं वीस वर्षं तसं जाळलं आणि काही झालं नाही, हा त्याचा पुरावा. अरे, एकदा काही झालं नाही याला पुरावा म्हणत नाहीत, हे तुला मीच शिकवलं ना?

आणि आता माझी चूक ऐक, कारण ती लपवून तुला बोलण्याचा मला अधिकार नाही. वादळानंतरच्या उन्हाळ्यात माझ्या जावयानं असाच एक जुना इन्सर्ट पाहिला. त्यानं मला विचारलं. मी आयुष्यभर चुलीजवळ वाढलेली, बंब पेटवलेली, विज्ञान शिकवलेली. मला वाटलं, लाकडाच्या आगीत मला कोण काय शिकवणार? मी म्हणाले, घे. लायनर नव्हता. विकणाऱ्याच्या ओळखीच्या एका माणसानं तो सरकवून दिला. परवाना काढला नाही. आम्ही रात्री लाकूड भरून हवा बंद करायचो, म्हणजे सकाळपर्यंत निखारा राहील. धुमसती आग हेच क्रिओसोटचं खाद्य, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. दुसऱ्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी भिंतीतून आगगाडी जावी तसा घरघराट सुरू झाला. बाहेर धावलो तर चिमणीच्या तोंडातून भुईनळ्यासारख्या ठिणग्या उडत होत्या. नातवंडं पायांत काही न घालता बर्फात उभी होती. अग्निशमन दलाची गाडी वेळेत आली, घर वाचलं, माणसं वाचली. नंतर चिमणीत कॅमेरा सोडला तेव्हा मातीच्या फ्ल्यूला वरपासून खालपर्यंत भेगा दिसल्या. चिमणीतली आग हजार अंश सेल्सिअसच्या वर जाते. माती तिच्यापुढे काय टिकणार? पलीकडे विटांना चिकटून तुळई होती, तिची एक बाजू कोळशासारखी झाली होती. चिमणी आणि लाकडी सांगाडा यांच्यात घरातल्या चिमणीला दोन इंच आणि बाहेरच्या चिमणीला एक इंच तरी मोकळी जागा हवी. जुन्या घरांत ती असतेच असं नाही. वर्षानुवर्षं भाजत राहिलेलं लाकूड पुढे कमी तापमानालाही पेट घेतं. त्या तुळईच्या वरच्या खोलीत माझी नात झोपायची.

तेव्हापासून मी वाचायला लागले. वाचताना एक गोष्ट अशी सापडली की ती मी तुमच्या वर्गाला शिकवायला हवी होती. इन्सर्टची कल्पना नवी नाही. बॉस्टनमध्ये जन्मलेल्या बेंजामिन फ्रँकलिननं १७४० च्या दशकात फायरप्लेसमध्ये बसवायची लोखंडी शेगडी बनवली आणि १७४४ मध्ये तिच्यावर पुस्तिका काढली. लोखंड उत्तम, कल्पना उत्तम. पण जास्त ऊब काढून घेण्यासाठी त्यानं धुराला आधी खाली आणि मग मागून वर अशी वाट दिली. आग चांगली तापलेली असेपर्यंत ती चाले. जरा मंदावली की ओढ तुटे आणि धूर खोलीत येई. पुढे डेव्हिड रिटनहाउस यानं धुराची वाट बदलली, तेव्हा तिचा खरा उपयोग झाला. आणि तुझ्या ऑफिसजवळच्या वोबर्नमध्ये १७५३ मध्ये जन्मलेला बेंजामिन थॉम्प्सन, ज्याला जग काउंट रमफर्ड म्हणतं, त्यानं तर लोखंडाला हातच लावला नाही. फायरप्लेस उथळ केलं, बाजू तिरक्या केल्या, धुराचा गळा अरुंद केला आणि लंडनची धुरानं भरलेली घरं सुधारली. फ्रँकलिनसारखा माणूस धुराच्या वाटेत चुकला. तू त्या वाटेकडे पाहिलंसुद्धा नाहीस. तू डबा पाहिलास, डब्याची किंमत पाहिलीस, आणि ट्रक बोलावलास.

बरं, डबा तरी पाहिलास का? तेही नाही. मग आता कसा पाहायचा ते ऐक.

पहिली गोष्ट पट्टी. प्रत्येक मान्यताप्राप्त इन्सर्टला मागे किंवा बाजूला धातूची पट्टी जडवलेली असते. तिच्यावर मॉडेल, कोणत्या प्रयोगशाळेनं तपासला, आजूबाजूच्या लाकडी वस्तूंपासून किती अंतर हवं आणि पुढे जमिनीला काय संरक्षण हवं, हे सगळं छापलेलं असतं. पट्टी नसेल तर पुढचं काहीही पाहू नकोस, सरळ घरी ये. तुझ्या गावचा इमारत निरीक्षक पट्टीशिवाय परवाना देणार नाही. मॅसेच्युसेट्समध्ये लाकडाची शेगडी बसवायला परवाना आणि तपासणी लागते, स्वतः बसवलीस तरी. परवान्याशिवाय बसवलीस आणि काही झालं तर विमा कंपनी तुला पहिला प्रश्न हाच विचारेल.

दुसरी गोष्ट वय. १९८८ मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेनं, म्हणजे ईपीएनं, लाकडाच्या शेगड्यांच्या धुरावर पहिली मर्यादा घातली. १९९० पासून ती तासाला साडेसात ग्रॅम झाली, कॅटॅलिस्ट, म्हणजे धूर जाळायला मदत करणारी जाळी, असलेल्यांना ४.१ ग्रॅम. २०२० पासून ती दोन ग्रॅमवर आली, आणि आपण जाळतो तसल्या फोडलेल्या लाकडावर तपासणी केली असेल तर अडीचवर. १९८८ च्या आधीचा इन्सर्ट तू म्हणतोस तसा "जाड, दणकट, जुन्या काळचा" असेल. तो धुरातलं जळण न जाळता तसंच वर सोडतो. ते तुझ्या चिमणीत साठतं आणि उरलेलं शेजाऱ्याच्या खिडकीत जातं. ओरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांत असली प्रमाणपत्र नसलेली शेगडी विकताच येत नाही. ओरेगनमध्ये तर घर विकताना ती काढून नष्ट करावी लागते. तिथल्या लोकांनी हे हौसेनं केलेलं नाही. त्यांच्या दऱ्यांमध्ये हिवाळ्यात धूर जमिनीलगत कोंडून राहतो, तो त्यांनी छातीत घेतला आहे.

तिसरी गोष्ट हातानं तपासायची. दारात एक नोट धर, दार लाव आणि नोट ओढ. सहज निसटली तर कडेची दोरी, म्हणजे गॅस्केट, गेली; ती बदलता येते, स्वस्त आहे. खोली अंधारी कर, आत विजेरी ठेव आणि बाहेरून सांध्यांकडे बघ. सांध्यातून उजेड आला तर हवाही येणार, आणि जिथून हवा येते तिथे आग तुझ्या ताब्यात राहत नाही. वेल्ड फाटलेलं, पत्रा वाकलेला, मागची भिंत फुगलेली असेल तर तो कधीतरी लाल होईपर्यंत तापवलेला आहे. तो घेऊ नकोस. आतल्या अग्निविटा फुटल्या असतील तर हरकत नाही, बदलता येतात. वरचा बॅफल, म्हणजे धूर अडवणारी पाटी, आणि त्याखालच्या छिद्रांच्या नळ्या धूर पुन्हा जाळतात. त्या नसतील किंवा गळाल्या असतील तर सुटे भाग अजून मिळतात का, ते पैसे देण्याआधी बघ, नंतर नाही. कंपनी बंद पडलेली असेल तर भाग कुठून आणणार? काच सिरॅमिकचीच आहे ना, की कोणी साधी टफन्ड काच बसवली आहे, तेही विचार. टफन्ड काच या उष्णतेत तडकते. कॅटॅलिस्टचा असेल तर ती मधाच्या पोळ्यासारखी जाळी किती वर्षं वापरली ते विचार. ती झिजते आणि नवी महाग असते.

चौथी गोष्ट तुझं घर. तुझं फायरप्लेस खरंच विटांचं आहे की विटांचा मुलामा दिलेली पत्र्याची तयार पेटी आहे? तशी पेटी असेल तर तिच्यात चालेल असं दोन्हींच्या कागदांवर लिहिलेलं असल्याशिवाय कुठलाही इन्सर्ट घालता येत नाही. पोकळीची पुढची रुंदी, मागची रुंदी, खोली, उंची. चारही मापं घे, कारण पोकळी मागे निमुळती होत जाते आणि पुढून बसणारा डबा मागे अडकतो. दारापुढे न जळणारा ओटा किमान सोळा इंच आहे का? नाहीतर लाकूड ढकलताना पडलेला निखारा थेट तुझ्या ओकच्या फरशीवर पडेल. आणि ज्या कारणासाठी हे सगळं करतोस, त्याचा तर तू विचारच केलेला नाहीस. वीज गेल्यावर पंखा बंद होतो. इन्सर्ट तीन बाजूंनी विटांत बुडालेला असतो. पंख्याशिवाय त्याची बरीचशी ऊब विटांत जाते, आणि तुझ्या विटा बाहेर बर्फात आहेत. वीज गेलेल्या रात्रीसाठी घ्यायचा असेल तर पुढे थोडा बाहेर आलेला, समोरून आणि वरून ऊब देणारा इन्सर्ट हवा. विकणाऱ्याच्या फोटोत कसा आहे? पाहिलंस?

पाचवी गोष्ट लाकूड. यात तर तुला लाज वाटायला हवी, कारण तू कोकणातला आहेस. तुझी आई मे महिन्यात फाटी फोडून पडवीत रचायची, आणि पावसाळ्यात चुलीवरच्या माळ्यावर उद्याचं लाकूड आजच्या धगीवर सुकत असायचं. ओलं लाकूड घातलं की चूल कशी धुमसते, डोळे कसे झोंबतात, फुंकणीनं फुंकून छाती कशी भरते, हे तू लहानपणी पाहिलं आहेस. आणि आता नोव्हेंबरात ट्रकभर "वाळलेलं" ओक मागवणार आहेस. दहा किलो लाकडात चाळीस टक्के ओलावा असेल तर चार किलो पाणी आहे. त्याची वाफ करायला सुमारे दहा मेगाज्यूल लागतात, म्हणजे त्या लाकडातल्या एकूण उष्णतेचा दहावा हिस्सा. तू म्हणशील, दहावाच ना? खरं नुकसान पुढे आहे. त्या पाण्यानं भट्टी थंड राहते, धूर न जळता वर जातो आणि पुन्हा तेच क्रिओसोट. ओलावा वीस टक्क्यांच्या खाली हवा. ओलावा मोजायचं यंत्र थोडक्या पैशात मिळतं. ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला टोचून मोज, बाहेरच्या सालीला नाही. ओकला त्यासाठी फोडून रचून दोन उन्हाळे लागतात. एक कॉर्ड म्हणजे चार बाय चार बाय आठ फुटांची रास, १२८ घनफूट. हिवाळ्याला अशा काही रासा लागतील. त्या वर पत्रा आणि बाजूंनी मोकळ्या ठेवायला तुझ्याकडे जागा आहे का?

आता पैसे. चारशेचा इन्सर्ट. वर लोकरीच्या वेष्टणासकट लायनर, टोकाची टोपी, डॅम्परचा पत्रा, बसवणारा प्रमाणित माणूस, परवाना, आणि त्याआधी चिमणीची कॅमेऱ्यानं केलेली लेव्हल २ तपासणी. शेगडी बदलताना २११ हे मानक हीच तपासणी मागतं. हे सगळं काही हजार डॉलरमध्ये जातं. जुना घेतलास काय आणि नवा घेतलास काय, हा खर्च तोच राहतो. मग चारशेच्या डब्यात वाचलेले पैसे एकूण हिशेबात केवढे? आणि त्याच खर्चात तुला आठ इंची लायनर टाकावा लागला, आणि पाच वर्षांनी सहा इंची तोंडाचा नवा इन्सर्ट आणलास, तर? वहीत हे गणित तू मांडलं असतंस तर मला पत्र लिहावं लागलं नसतं.

तुझी आई डिसेंबरात येणार आहे. पन्नास वर्षं मातीच्या चुलीपुढे बसून तिनं किती धूर घेतला, ते तिच्या खोकल्यावरून तुला रात्री ऐकू येतं. तिची खोली त्याच चिमणीच्या भिंतीला लागून आहे. ती कधी तक्रार करणार नाही. डोळे पुशील आणि म्हणेल, सवय आहे. तिच्या त्या सवयीचा फायदा तू घ्यायचा नाहीस. सगळ्या मजल्यांवर कार्बन मोनॉक्साइडचे गजर लाव, आणि राख पत्र्याच्या झाकणाच्या बादलीत भरून घरापासून दूर उघड्यावर ठेव. राखेतला निखारा कित्येक दिवस जिवंत राहतो.

मी "नको" म्हणत नाही, हे लक्षात घे. जुना इन्सर्ट चांगला असू शकतो. पट्टी असेल, १९९० नंतरचा असेल, सांधे घट्ट असतील, सुटे भाग मिळत असतील, तुझ्या पोकळीत बसत असेल आणि तू लायनर टाकणार असशील, तर जरूर घे. मी स्वतः येऊन पहिली आग पेटवीन. पण हे ठरवायचं आहे ते वरच्या पाच गोष्टी बघून. मित्राच्या ट्रकवरून नाही.

म्हणून शनिवारचा ट्रक रद्द कर. त्याऐवजी चिमणी तपासणाऱ्याला फोन कर. शनिवारी विकणाऱ्याकडे जायचंच असेल तर मोजपट्टी, विजेरी आणि एक नोट घेऊन जा. पट्टीचा फोटो काढ, तोंडाचा व्यास मोज. घरी येऊन चिमणीची मापं लिही. ही सगळी माहिती एका कागदावर, दोन रकान्यांत, मला पाठव. डावीकडे निरीक्षण. उजवीकडचा अनुमानाचा रकाना कोरा ठेव. तो आपण दोघं फोनवर भरू. आणि या वेळी आकडे फार चोख आले, तर मी पुन्हा तुला थांबवून मोजायला लावणार आहे.

तुझ्या बाई